थोरलीच्या मनातलं

जुळ्या बहिणींतली ती काही मिनिटांनीच थोरली. पण तेवढ्या भांडवलावर तिने आयुष्यभर ताईपण गाजवलं. वडील गेल्यावर शिवणाचं दुकान तिने अंगावर घेतलं, आलेली स्थळं परतवली आणि धाकटीला हाताशी धरलं. थोरली कापायची, धाकटी शिवायची. कापलेला तुकडा मशीनपाशी सरकवला की चुण्या कुठे, शिवण किती आत, हे धाकटीला न सांगता कळे. समोरचा चष्मेवाला म्हणायचा, "दोघींत मिळून एकच मेंदू आहे, तोही पाळीपाळीने वापरतात."

त्यानेच विद्यापीठातल्या संशोधक बाईंना यांच्याबद्दल सांगितलं. एकाच्या मनातलं दुसऱ्याला कळतं का, याचा त्या अभ्यास करत होत्या आणि त्यासाठी त्यांना जुळी माणसं हवी होती. धाकटी हरखून तयार झाली. थोरली मात्र चरकली. दूरच्या शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात तिने कटिंग मास्तरची नोकरी धरली होती. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचं होतं, आणि धाकटीला अजून ताकास तूर लागू दिली नव्हती. आता नको म्हणावं तर "का?" येणार. म्हणून गेली.

दोन खोल्या, मध्ये जाड भिंत. समोरच्या पाच चित्रांतलं मनाला येईल ते थोरलीने उचलायचं आणि टक लावून बघायचं. ते कोणतं, हे पलीकडून धाकटीने सांगायचं. असं पुन्हा पुन्हा. बाई पक्क्या संशयी. पायाने ठोके देतील म्हणून गालिचा अंथरलेला, खोकून खुणा करतील म्हणून तोंडात गोळी. त्या थोरलीकडे रोखून बघत, थोरली चित्राआडून त्यांच्याकडे.

"नुसत्या अंदाजाने पाचात एखादं बरोबर यावं," निकाल हातात घेऊन बाई म्हणाल्या. "तुमचं जवळजवळ निम्मं बरोबर आहे. घरून काही ठरवून आला होतात?"

"मॅडम, घरून आम्ही भांडून आलोय," धाकटी म्हणाली.

थोरलीला वाटलं, म्हणजे कारखान्याचंही हिला कळलं असणार. त्या दिवसापासून धाकटीच्या साध्या बोलण्यातही तिला खोच दिसू लागली. "कुठे हरवलीस?" म्हटलं तरी वाटे, खडा टाकून बघतेय. कारखान्याचा विचार डोक्यात आला रे आला की ती मनातल्या मनात पाढे म्हणू लागली.

"ताई, ओठ का हलतायत?"

"दातात धागा अडकलाय."

"इतका वेळ? मग दोर असेल."

पुढच्या खेपेला बाईंनी डाव बदलला. चित्र आता यंत्र निवडणार होतं. धाकटीचे अंदाज धाडकन खाली आले, पाचात जेमतेम एक.

"चूक माझीच," बाई पडलेल्या चेहऱ्याने म्हणाल्या. "निवड तुमच्यावर सोडायला नको होती. तुम्हाला आधी होडी घ्यावीशी वाटते, मग झाड. यांनाही नेमकं तसंच सुचतं. आवड एक, कंटाळाही एकाच वेळी येतो. मन कुणीच कुणाचं वाचत नव्हतं."

थोरलीला त्यांची गळाभेट घ्यावीशी वाटली. घरी येताना ती चक्क गुणगुणत होती.

दुकानात आल्यावर धाकटी मशीनवर बसली नाही. तिने सकाळी कापलेली एक बाही उचलून थोरलीसमोर धरली. "या खडूच्या रेघा कशाला? चुणी इथे, शिवण इथून. माझ्यासाठी तू कधी खडू हातात घेतला होतास?"

"तुला सोपं जावं म्हणून."

"मला सवय लागावी म्हणून. उद्या पगारी माणूस कापायला बसला तर तो असंच आखून देणार. तू कुठे चाललीयस, ताई?"

थोरली बाहीवरच्या रेघा बोटाने पुसू लागली.

"मला वाटलं, दुखणं लपवतेयस. म्हणून तर त्या बाईंकडे एवढ्या हौसेने गेले. तुझ्या मनातलं खरंच कळत असेल तर कळू दे, म्हटलं. डॉक्टरांनी काही सांगितलंय का?"

"नाही गं. नोकरी लागलीय. कारखान्यात, कटिंग मास्तर म्हणून." तिने शहराचंही नाव सांगितलं.

धाकटीचे खांदे सैल पडले. मग तिने बहिणीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "इतके दिवस तोंडातून अवाक्षर नाही. आता तुझ्यावर भरवसा कसा ठेवू? पोचवायला मी येणार. कारखाना आहे की दवाखाना, डोळ्यांनी बघूनच परत फिरेन."

"आणि दुकान?"

"राहील चार दिवस बंद. कापायला माणूसही मीच शोधेन. तू मध्ये पडायचं नाहीस."

"बरं," थोरली म्हणाली. ताई म्हणून वर काही ऐकवावं, तर तेवढं तोंड उरलं नव्हतं.