आलुआनची घंटी

तैवानमधल्या च्याई शहरातल्या त्या गल्लीत संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की सगळी गल्ली पिशव्या घेऊन हजर असते. पिशवी रस्त्यावर टेकवायची नाही, ज्याची त्याने गाडीत टाकायची. लोक बऱ्याच आधी जमतात आणि गाडी गेल्यावरही रेंगाळतात. आलुआनला नेमकं तेच नको होतं.

तिचा नवरा आकुन पंखे दुरुस्त करायचा. कचरा खाली नेणं त्याच्याकडे, आणि वर येताना गल्लीभरच्या बातम्या आणणंही त्याच्याचकडे. तो गेला, आणि आलुआनला खाली उभं राहणं जिवावर येऊ लागलं. कुणी मायेनं विचारपूस केली तर बांध फुटायचा, आणि माशाच्या काट्यांची पिशवी हातात धरून चारचौघांत रडणं तिला पसंत नव्हतं. म्हणून ती दाराआड दबा धरून बसायची. गाडी निघता निघता धावत सुटायची, पिशवी भिरकावायची की माघारी. गाडी कशीबशी मिळायचीच. चोपन्नाव्या वर्षीही पायांत दम आहे म्हणायचा, असं तिला वाटे.

मार्चमधल्या एका आठवड्यात मात्र गाडी रोज हुकली. कोळंबीची सालं आणि माशांची डोकी फ्रीजरमध्ये साठत गेली. एका सकाळी दार उघडलं तर एक गोठलेलं डोकं तिच्याकडे टक लावून बघत होतं. गाडी लांब असतानाच कळली तर हुकणार नाही, अशी कल्पना तिला तिथेच सुचली.

कल्पनेची गरजही होतीच. आकुनचे उघडून ठेवलेले पंखे आपल्याला जोडता यावेत म्हणून ती तंत्रनिकेतनाच्या रात्रवर्गात जात होती. तिथे प्राध्यापक त्सेंग यांनी फर्मान काढलं होतं: गटाने साधी वस्तू बनवा, दहा जणांना समोरासमोर विका, आणि कुणी ती का घेतली ते वर्गाला सांगा. नाही जमलं तर विषय राहिला. तिच्या गटात बोजुन आणि यीचिए अशी दोन पोरं होती, तिच्या मुलांच्या वयाची.

"काकू, भारी आहे!" बोजुन म्हणाला. "गाडीचं गाणं लांबून ऐकणारा डबा! खिडकीत ठेवला की दिवा लागेल, घंटी वाजेल. आधीपासून खाली ताटकळायला नको."

डबा झालाही झकास. गाडी देवळाच्या कोपऱ्यावर असतानाच तो किणकिणायचा. विकायचा कुठे, हे विचारायलाच नको होतं. जिच्या टाळाटाळीतून डबा जन्मला, तिलाच तो घेऊन त्या गर्दीत उभं राहायचं होतं.

पहिल्या संध्याकाळी ती डबा घेऊन खाली उतरली. शेजारीण आशियाने डबा उलटासुलटा करून पाहिला.

"म्हणजे हा वाजेपर्यंत घरात बसून राहायचं?"

"हो. वेळ वाचतो."

"वाचवून काय करू? लोणचं घालू? अगं, सुनेच्या कागाळ्या करायला एवढीच तर जागा आहे मला!"

लिन आजोबांनी मान डोलावली. "मी तर कचरा नसला तरी येतो. काल पिशवीत वर्तमानपत्र कोंबून आलो होतो."

सगळे हसले. आलुआनलाही हसू फुटलं, आणि आपण हसलो याचं तिला नवल वाटलं. मग आजोबा म्हणाले, "आकुननं दुरुस्त केलेला पंखा अजून फिरतोय बघ." तिचे डोळे भरून आले. आशियाने नुसती तिच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

आठवडाभर ती रोज खाली गेली. एकही डबा खपला नाही. शेवटी आशियाच म्हणाली, "तुझा विषय राहील ना गं? दे, दहाच्या दहा दे. नातेवाइकांत वाटते."

"तुला नकोय तो."

"नसू दे. कचऱ्याची गाडी तरी मला कुठे थांबवून धरायची असायची?"

"म्हणजे?"

आशिया ओशाळली. "तू दाराआड असायचीस, दिसायचं की फटीतून. मग मी एकेक पिशवी सावकाश टाकायची. ड्रायव्हरला त्याच्या बायकोचं दुखणं विचारायची. तू पळत आलीस की मग सोडायची त्याला."

आलुआनने विचारलं, "मार्चमध्ये एक आठवडा..."

"लेकीच्या बाळंतपणाला काओश्युंगला गेले होते. सारखी रुखरुख लागली होती बघ, तुझं काय होत असेल म्हणून."

डबे तिने दिले नाहीत. घरी जाऊन मात्र पोटभर रडली.

पोरांची समजूत घालणं सोपं गेलं नाही. "काकू, त्या स्वतःहून घेतायत ना!" यीचिए वैतागली.

"का घेतले, ते वर्गात सांगावं लागेल. ते खोटं मी सांगणार नाही, आणि खरं सांगितलं तर विक्री म्हणून कोण धरणार?"

वर्गासमोर तीच उभी राहिली. विक्री शून्य, असं तिने आधीच सांगून टाकलं.

"आलुआनबाई, मग हा डबा बनवला कुणासाठी?" त्सेंग सरांनी विचारलं.

"एकच गिऱ्हाईक होतं, सर. तिला वाटायचं, गाडी उशिरा ऐकू येते म्हणून हुकते. खरं तर तिला शेजारणीशिवाय गाडी मिळत नव्हती. आता ती आधीच खाली जाऊन उभी राहते. तिलाही डबा नको."

सरांनी चष्मा पुसला आणि तिघांनाही जेमतेम पास केलं. बोजुनने महिनाभर तोंड फुगवलं.

शरद ऋतूत आशिया पुन्हा लेकीकडे गेली. त्या संध्याकाळी आलुआन दोन पिशव्या घेऊन गाडीपाशी उभी होती. समोरच्या इमारतीत नुकताच राहायला आलेला एक तरुण रोज एकटाच, मान खाली घालून, सगळ्यांच्या शेवटी धावत यायचा. आज त्याचं दार अजून बंद होतं.

आलुआनने पहिली पिशवी सावकाश टाकली. दुसरी हातातच ठेवली, आणि ड्रायव्हरला विचारलं, "काय रे, बायकोची कंबर आता कशी आहे?"