कमरेएवढी भिंत

आमची जुनी इमारत पाडायचं ठरलं तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आर्किटेक्ट, पण माझं काम अंधेरीच्या ऑफिसात बसून बँका आणि दवाखाने आतून सजवण्याचं. स्वतःच्या घराखालची जागा आखायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

नालासोपारा पश्चिमेला गास गाव जिथे सुरू होतं, तिथे ही चार मजली इमारत होती. आम्ही सगळे कोकणातून, देशावरून, परळ-लालबागहून आलेले नोकरदार. पलीकडे गावातली ख्रिस्ती कुटुंबं, त्यांच्या केळीच्या बागा, भाजीचे वाफे. मधोमध एक मोकळी पट्टी. अर्धी सोसायटीची आणि अर्धी गावातल्या एका निवृत्त शिक्षकांची. कुठून कुठवर कुणाची, हे कुणी विचारत नसे. तिथे सरांच्या आजोबांनी उभारलेला क्रूस होता आणि मे महिन्यात संध्याकाळी त्याच्यापुढे प्रार्थना व्हायची. भाद्रपदात आमच्या गणपतीचा मांडव तिथेच पडायचा. पाचूबंदरची कोळीणमावशी सकाळी मासळीची पाटी घेऊन तिथेच बसायची, आणि तळमजल्यावरचा उत्तर प्रदेशातला शिंपी गिऱ्हाईक नसलं की शिलाई मशीन सोडून तिथेच उन्हाला उभा राहायचा.

बिल्डरच्या इंजिनिअरने टेबलावर नकाशा पसरला. बाग वर, पार्किंगच्या छतावर, फक्त सभासदांसाठी. खाली पट्टीच्या जागी पाहुण्यांच्या गाड्या. आणि गावाच्या बाजूने सलग भिंत, माणसाच्या डोक्यावरून जाईल एवढी.

"भिंत पाहिजेच," तिसऱ्या मजल्यावरचे साताऱ्याचे गृहस्थ म्हणाले. त्यांची नवी स्कूटर त्या पट्टीतूनच चोरीला गेली होती, त्यामुळे त्यांचा आवाज चढलेला. "आता टॉवर होणार. भाव वाढणार, चांगली माणसं राहायला येणार. आपण किती दिवस असं रस्त्यावर पडल्यासारखं राहायचं?"

आमचे अध्यक्ष मालवणचे. ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे आतापर्यंत आमी वायट माणसां होतंव काय?"

सगळे हसले. गृहस्थ हसले नाहीत. शेवटी अध्यक्षांनी मला सांगितलं, "तू एक वेगळा नकाशा काढून दाखव. मग बघू."

आधी मी सरांना भेटायला गेले. ते वालाच्या मांडवाखाली उभे होते. आतून त्यांच्या पत्नी कुणाशी तरी घरच्या बोलीत बोलत होत्या, मला त्यातलं अर्धंच कळत होतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमची जमीन, तुमची भिंत. मी कोण नाही म्हणणार? प्रार्थनेला उभं राहिलं की पाठ भिंतीला लागेल, एवढंच." मग म्हणाले, "माझ्याकडेही माणसं येऊन जातात, विका म्हणून. मी विकत नाही. तुम्ही माझीही अर्धी पट्टी धरून आखा. मी कुंपण घालणार नाही."

एवढा मोठा विश्वास घेऊन मी घरी आले आणि अगदी वाईट नकाशा काढला. क्रूसाला एक कोपरा, गणपतीला एक चौथरा, मासळीला एक कट्टा, ज्येष्ठांना बाकं. मेसच्या ताटात वेगवेगळे खण असतात ना, तसं झालं. कुणाची भाजी कुणाच्या आमटीला लागू नये, अशी सोय. दोन-तीनदा खोडून पाहिलं, तरी खण राहिलेच.

मग वाटलं, कागदावर कशाला, जमिनीवरच आखू. एका रविवारी फक्कीची, म्हणजे चुन्याच्या भुकटीची, पिशवी घेऊन खाली उतरले आणि पट्टीभर पांढऱ्या रेघा मारल्या. इथे बसायचं, इथून चालायचं, इथे झाड. घरातल्या जुन्या खुर्च्या आणून ठेवल्या. गावातून आणि इमारतीतून माणसं बघायला आली. कोळीणमावशी मी सावलीत आखलेल्या जागेवर बसली न बसली तोच उठली.

"माना सावली नको गो. पानी जवळ पायजे."

मी रेघ पुसून तिची जागा नळाकडे नेली. शिंपी म्हणाला, "मॅडम, गाडीवाला रास्ता थोडा उधर, नहीं तो सब हॉर्न बजाएगा." तीही रेघ सरकली. बिल्डरच्या परवानग्या रखडल्या होत्या, त्यामुळे आम्हाला सवड मिळाली. रेघा पुसल्या जायच्या, मी पुन्हा मारायचे, आणि लोक मात्र खुर्च्यांवर बसायला लागले होते.

साताऱ्याच्या गृहस्थांची आई त्यांच्याकडे राहायला आली होती. गावाकडचं घर बंद करून आलेली बाई. खिडकीत बसायची, कुणाशी बोलायची नाही. एका संध्याकाळी सरांच्या पत्नी खुर्चीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. म्हातारीने वरून बराच वेळ पाहिलं असणार, कारण एकदम जिना उतरून ती समोर येऊन उभी राहिली.

"अगं बाई, आधी दोरा काढ की. अशानं नखं जातील तुझी."

सरांच्या पत्नींनी दुसरी खुर्ची ओढली आणि शेंगांनी भरलेलं सूप दोघींच्या मध्ये ठेवलं.

मी तेव्हा तिथेच होते. एकीची बोली दुसरीला धड कळत नव्हती. सुनांचा विषय निघाल्यावर मात्र दोघींना काहीच समजावून सांगावं लागलं नाही. दिवेलागणीला गृहस्थ कामावरून आले. घराला कडी, आई नाही. ते घाबरेघुबरे खाली धावले आणि पट्टीपाशी थबकले. आई हसत होती. त्यांच्याकडे पाहून म्हणाली, "आलास व्हय? चहा घे करून, मी येते थोड्या वेळानं."

 ते तिथेच उभे राहून बघत राहिले.

पुढच्या मीटिंगला मी भिंतीशिवायचा नकाशा ठेवला आणि त्यांच्या विरोधाची वाट पाहिली. ते म्हणाले, "भिंत हवीच. स्कूटर माझी गेलीय, तुमची नाही." मग त्यांनी बसल्या बसल्या हात स्वतःच्या कमरेपाशी धरला. "पण एवढीच करा. रुंद, गुळगुळीत. म्हाताऱ्या माणसाला टेकता येईल, बसता येईल अशी. आणि मधे वाट सोडा. दिवे लावा भरपूर."

मला इतक्या दिवसांत जे सुचलं नव्हतं ते त्यांनी चार वाक्यांत सांगून टाकलं होतं. माझे सगळे खण एका रेषेत मिटले. अध्यक्ष म्हणाले, "ठरला तर." बिल्डरनेही फार ताणलं नाही.

इमारत पाडली तेव्हा आम्ही विरार पूर्वेला फुलपाड्यात भाड्याने राहिलो. तिथेच एका गल्लीत आमचा शिंपी मला पुन्हा भेटला. टॉवरमधलं दुकान त्याला परवडणारं नव्हतं. मी त्याला म्हटलं, "परत या ना." तो टेप गळ्यात अडकवत म्हणाला, "आऊंगा, बैठने आऊंगा." जागा कितीही नीट आखली तरी सगळी माणसं त्यात राहत नाहीत. हे मला तेव्हा टोचलं आणि अजूनही अधूनमधून टोचतं.

आम्ही परत आलो त्याला आता बराच काळ झाला. भिंत झाली आहे, बसलेल्या माणसाच्या कमरेएवढी आणि रुंद, नळाजवळ थोडी उतरती. क्रूस आहे तिथेच आहे. मे महिन्यात गावातली माणसं रस्त्यापर्यंत मागे सरकून उभी राहतात. मांडवाचे खांब रोवायला फरशीत भोकं ठेवली आहेत. मी हौसेने केलेल्या बुद्धिबळाच्या टेबलावर कुणी खेळत नाही, त्यावर पापड वाळतात. साताऱ्याच्या गृहस्थांची आई आता काठी घेऊन उतरते आणि सरांच्या पत्नींना ती थेट "धाकटी" म्हणते.

वरच्या मजल्यांवर नवी कुटुंबं आली आहेत, मालाड-बोरिवलीकडची. परवा त्यातल्या एकीने लिफ्टमध्ये मला विचारलं, "खाली जे बसायचं आहे, ते आपल्याच सोसायटीचं आहे ना? बाहेरचेही बसतात म्हणून विचारलं."

"अर्धं आपलं आहे," मी म्हटलं.

"कुठलं अर्धं?"

"ते मलाही आता सांगता येणार नाही."

ती थोडी गोंधळली, मग हसली. संध्याकाळी मी ऑफिसातून परतले तेव्हा ती भिंतीवर बसून कोळीणमावशीकडून बोंबील कसे तळायचे ते ऐकत होती. मला तिथेच बसायला आवडतं, पण आता जागा नव्हती. मी पर्स मांडीवर घेऊन पलीकडच्या टोकाला, सरांच्या शेजारी जाऊन बसले. यंदा केळी चांगली धरली आहेत, असं ते सांगत होते.