काचेवरचा शेंदूर

दसऱ्याला यंत्राची पूजा करावी, मी कुठे नाही म्हणते? पण म्हणून कॉम्प्युटरच्या काचेवर तेलात कालवलेल्या शेंदराचा स्वस्तिक काढायचा? आमच्या मुकादमांनी काढला. वजनकाट्यावर काढला, मोटारीवर काढला, आणि त्याच बोटाने माझ्या मॉनिटरवरही! वर हसून म्हणाले, "ताई, यंत्र ते यंत्र!"

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. जळगावला कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंगच्या ऑफिसात मी नुकती लागले होते. कारखान्यातला तो पहिलाच कॉम्प्युटर. आणि नेमके त्याच दिवशी धरणगावकडून आमचे आबा, म्हणजे माझे वडील, यायचे होते. त्यांनी बजावलं होतं, काम डोळ्यांनी बघेन. पटलं तर राहा, नाहीतर पेटी घेऊन माझ्याबरोबर घरी चल. घरी एक स्थळ पाहून ठेवलेलंच होतं. जळगावात मी मावशीकडे राहायची, तिथे माझी पेटी भरून तयार होती. मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

टेबल पुसायचं ओलं फडकं घेतलं आणि काच घासली. झालं! स्वस्तिक गेला आणि सगळी काच नारिंगी झाली. जिनिंगच्या हवेत उडणारी कापसाची तूस त्या तेलाला चिकटली. पुन्हा घासलं तर फराटेच फराटे. हिरवी अक्षरं शेवाळलेल्या पाण्यात बुडाल्यासारखी दिसायला लागली. धुळ्याच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर चालवायला शिकवला होता, पुसायला कोणी शिकवलं होतं?

तेवढ्यात दारात आबा. "हाई काय शे व माय?"

माझं डोकंच सणकलं. "काही नाही, माझं नशीब आहे!" म्हटलं, आणि रडू आलं. मग रडतारडताच बटण बंद केलं. काच काळी झाली आणि एकेक फराटा लख्ख दिसला. तेव्हा कळलं, पुसायचं तर बंद करूनच. पण पुसायचं कशाने? तिथलं प्रत्येक फडकं तेलकट, नाहीतर तूस सोडणारं.

 आबांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि माझ्या हातात दिला. आमच्याकडे मोठा माणूस उघड्या डोक्याने चार लोकांत उभा राहत नाही हो! मी आबांना घराबाहेर तसं कधी पाहिलंच नव्हतं. मुकादमांनी मान खाली घातली.

"धुयेल शे," आबा एवढंच म्हणाले.

वर्षानुवर्षं धुऊन तो रुमाल सायीसारखा मऊ झाला होता. एक टोक साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलं आणि हलक्या हाताने तेल उचललं. टोक मळलं की दुसरं घ्यायचं. नुसत्या पाण्यात भिजवलेल्या टोकाने साबण काढला. मग कोरड्या भागाने वरून खाली, सरळ. गोल गोल फिरवलं की फराटे येतात, हे तोवर चांगलंच कळलं होतं. काळ्या काचेत आधी माझं तोंड उमटलं, मग मागे आबांचं.

बटण दाबलं. काचेवरची वीज तडतडली. हवेत तरंगणारी कापसाची एक तूस वळली आणि आपल्या पायाने चालत यावी तशी काचेला येऊन चिकटली.

आबांचा जन्म कापसात गेला होता. "अरे बाप रे!" म्हणत त्यांनी तळहात काचेजवळ नेला. हातावरचे पांढरे केस उभे राहिले. मी हे रोज बघायची, तरी त्यांचा चेहरा बघून माझ्याच अंगावर काटा आला. देवळात उभं राहावं तसे ते उभे होते.

मी टाईप केलं: आबा.

हिरवं, स्वच्छ. एक अक्षर फुटलेलं नाही. त्यांनी ओठ हलवत वाचलं. पुन्हा वाचलं. "हाई तू लिखं?"

मी मान हलवली. 

बसची वेळ झाली. शेंदराने माखलेला रुमाल मी घाईघाईने पुढे केला, म्हटलं, आबा, धुऊन देते. त्यांनी तो घेतला, नीट घडी केली आणि मॉनिटरच्या शेजारी ठेवला.

"आठेच ऱ्हाऊ दे. तुले काम पडी."

रुमाल इथेच, माझ्या कामाला! पेटीचं नावही काढलं नाही. मुकादमांना रामराम घातला आणि भर उन्हात, उघड्या डोक्याने, माझे आबा एकटेच स्टँडकडे चालत गेले.