नऊ नंबरचे बूट

घर सोडलं त्या दिवशी मी नाशिकजवळ मखमलाबादच्या आमच्या अंगणात दोन बनियन, एक थर्मल, स्वेटर, जॅकेट आणि माकडटोपी घालून उभा होतो आणि घामानं निथळत होतो. दिवाळी नुकतीच झाली होती, ऊन अजून चांगलंच तापत होतं. बॅगेचं वजन वाढू नये म्हणून आईनं जर्मनीची सगळी थंडी माझ्या अंगावर चढवली होती. निरोप द्यायला आलेले शेजारी तोंड लपवून हसत होते. नाना, म्हणजे माझे वडील, गाडीत बॅग ठेवता ठेवता एवढंच म्हणाले, "पाय कोरडे ठेव. चिखल्या व्हत्यात." जन्मभर झेंडूला पाणी भरणाऱ्या माणसाला पायांचीच काळजी आधी सुचणार. आईनं माझी टोपी आणखी खाली ओढली. पायांत देवळाली कॅम्पातून आणलेले, घोट्याच्या वर येणारे लष्करी थाटाचे बूट होते. ते मला तेव्हाच आवळत होते, पण त्या गडबडीत आवळण्याजोगं बाकीही बरंच होतं.

त्या बुटांची खरेदी आदल्या शुक्रवारची. आमच्या घरात लग्नातले सोडले तर कुणी कधी बूट घेतले नव्हते. चपलेत अंगठा शिरला की झाली खरेदी. कॅम्पातल्या दुकानदारानं माझा पाय मापून सांगितलं, "तुम्हाला नऊ नंबर लागेल. तो उद्या येतोय. आज आठच आहे." उद्या शनिवार. शनिवारी पायताण विकत घेतलं की शनी मागे लागतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. रविवारी तर विमान होतं. आई दुकानातच ठाम झाली. "आजच घे. चामडं हाय, चालून चालून सैल व्हतं." मी पाय कोंबला, दोन पावलं टाकली आणि म्हणालो, बसतात. परक्या मुलखात निघालेल्या माणसाला शनी बरोबर न्यायचा नव्हता.

मी कुणाच्या नोकरीवर निघालो होतो तेही सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला आडून विचारायला नको. अर्चना, माझी बायको, नर्स आहे. नाशिकच्या इस्पितळातल्या ड्युट्या सांभाळून ती जर्मन शिकली, परीक्षा पास झाली आणि माझ्याआधी तिकडे गेली. मी नानांचा झेंडू आणि शेवंती फुलबाजारात विकायचो. माझा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकाला जायचा. बायको नवऱ्यामागे गेली तर आमच्याकडे कुणी वळूनही बघत नाही. नवरा बायकोमागे निघाला की समोर कौतुक होतं आणि पाठ वळली की चहाबरोबर चघळायला विषय मिळतो. मला दोन्ही ऐकू आलं होतं.

काळं जंगल म्हणतात त्या जर्मनीतल्या डोंगराळ भागाच्या कडेला एक छोटं गाव आहे. तिथल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मी जाऊन पडलो. अर्चना सकाळी अंधारात ड्युटीवर जायची, परत यायची तेव्हाही अंधारच. मधल्या वेळात मी आणि भिंतीतला हायट्सुंग, म्हणजे हीटर. मला भाषा येत नव्हती, म्हणून काम नव्हतं, आणि काम नव्हतं म्हणून कुणाशी बोलणं होत नव्हतं. बाजारात दोन ओळींपलीकडच्या गिऱ्हाइकाला हाक मारणारा मी तिथे शिंकसुद्धा रुमालात दाबून द्यायचो, कारण खालच्या मजल्यावर ऐकू जायचं.

बाहेर पडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. सगळे थर चढवून, बुटांच्या नाड्या आवळून उतरायचो. बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत पायाची बोटं दुखायची आणि त्यापुढे ती आहेत की नाहीत तेच कळेनासं व्हायचं. मी समजलो, इथली थंडीच अशी. मग आतून एक लोकरी मोजा वाढवला. तरी तेच, म्हणून आणखी एक. मोजे वाढले तसे बूट आणखी आवळले आणि बोटं आणखी लवकर मरायला लागली. शेवटी कचरा टाकायला खाली जाणं एवढीच माझी जर्मनी उरली. व्हिडिओ कॉलवर आई म्हणायची, "बर्फ दाखव की जरा." मी खिडकी उघडून दाखवायचो. मागून नानांचा आवाज यायचा, "लय भारी." मी खिडकी लावून घ्यायचो. ज्याला पिंजरा म्हणावा असं त्या घरात काही नव्हतं, चावी माझ्याच खिशात असायची, आणि तरी मी कोंडला गेलो होतो. तुमच्यापैकी जे गेले आहेत त्यांना हे कळेल. जे राहिले त्यांना मी तेव्हा सांगितलं नाही.

खालच्या मजल्यावर फ्राऊ, म्हणजे श्रीमती, क्लाइन नावाच्या आजी राहतात. वयानं आईपेक्षा मोठ्या, आणि दर रविवारी डोंगर चढणाऱ्या. एका रविवारी त्यांनी अर्चनाला आणि मला ओढूनच नेलं. मी म्हटलं, ब्रह्मगिरीची फेरी आम्ही अनवाणी करतो, या टेकडीचं काय घेऊन बसलात. बनियनवर बनियन, वर जीन्स, स्वेटर, जॅकेट अशी बांधाबांध करून निघालो. आजी एका पातळ लोकरी बंडीवर आणि वारा अडवणाऱ्या पातळ जॅकेटवर. सुरुवातीला त्या कुडकुडत होत्या. मला त्यांची दया आली. चढण लागली तशी त्यांनी एक कपडा काढून पिशवीत टाकला, आणि मला मात्र आईनं घातलेलं काही काढवेना. वर पोहोचेपर्यंत आतली सुती बनियनं पिळून काढावीत इतकी भिजली. लाकडी झोपडीबाहेरच्या बाकावर बसलो, वारा सुटला आणि तो ओला कापूस अंगावर असा गारठला की माझे दात वाजायला लागले.

आजींनी मला आत शेगडीपाशी नेलं आणि बूट काढायला लावले. बोटं पांढरी पडली होती. अर्चना गुडघ्यावर बसून ती हातात धरून ऊब देत होती. शेजारच्या टेबलावरची माणसं सूप पीत माझ्या पायांकडे बघत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आजींनी माझा बूट उचलला, टोकावर अंगठा दाबला आणि अर्चनाला काहीतरी म्हणाल्या. अर्चनानं मान वर केली. "बोटं हलायलाच जागा नाही म्हणतात. बोटं हलली तर रक्त फिरतं. आवळला की पाय गार पडणारच." मग ती म्हणाली, "समाधान, तू मला सांगायचंस ना."

तिकडे रविवारी दुकानं बंद. आठवडाभर अर्चनाची ड्युटी. उरला शनिवार. मी दोन शनिवार काहीतरी निमित्त काढून टाळले. तिसऱ्या शनिवारी ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली. आजींनी बजावलं होतं, दुपारनंतर जा, दिवसभरात पाय फुगतात, आणि डोंगरात घालायचे तेच जाड मोजे बरोबर न्या. त्या दुकानात एक लाकडी उतार केलेला होता, खाली दगड बसवलेले. बूट घालून त्यावरून उतरून बघायचं, अंगठा पुढे टेकला तर मोठा नंबर. मी उतरलो. अंगठा टेकला नाही. मी तिथेच उभा राहून सगळी बोटं हलवली आणि मला रडू कोसळलं. दुकानातली मुलगी बिचारी घाबरली. तिला वाटलं बूट चावतो आहे.

त्यानंतर मी चाललो. पाऊस, चिखल, बर्फ, काही बघितलं नाही. सुती बनियनं पायपुसण्याला गेली, अंगाशी पातळ लोकर आली. निघताना थोडं कुडकुडायचं आणि घाम यायच्या आत एक थर उतरवायचा, हे अंगवळणी पडलं. जंगलात मोठ्यानं बोलायला लागलो, झाडांना झेंडूचा भाव सांगायला लागलो. पण खोटं कशाला बोलू? कुठल्याही वाटेनं गेलो तरी संध्याकाळी त्याच दोन खोल्यांत यायचो. बोटं सुटली होती, मी अजून आवळलेलाच होतो. परत जावं असं रोज वाटायचं, आणि कुणीतरी आपल्याला परत बोलावून घ्यावं, म्हणजे निर्णय आपला नसेल, असंही वाटायचं.

पुढच्या वर्षी डिसेंबरात एकटाच नाशिकला आलो, तिकडे घेतलेले ते नवे बूट घालून. गावात त्यांचं लय कौतुक झालं. जेवताना मी सगळ्यांना हसवायला तो झोपडीतला किस्सा सांगितला, पांढरी बोटं, सूप पिणारी माणसं, आठ नंबर, मोजे घालून केलेली नवी खरेदी, सगळं. नाना हसले. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "म्हणजे त्या शुकरवारी घेतले ते?" तिनं विचारलं. मी म्हटलं, अगं जाऊ दे. तिनं भाकरी तव्यावर टाकली.

परतीचं विमान रविवारचं होतं. शुक्रवारी आई-नानांबरोबर त्र्यंबकला दर्शनाला गेलो. गर्दी होती म्हणून पायताणं एका हारवाल्याच्या फळीखाली सरकवली. बाहेर आलो तर सगळ्यांच्या चपला जागेवर आणि माझे बूट गायब. सकाळची फरशी बर्फासारखी गार होती. देवळाबाहेरून पायताण गेलं की आपली पीडा गेली असं आमच्याकडे मानतात. हारवाला तेच म्हणाला, बाजूच्या बाईही तेच म्हणाल्या. आईनं विचारलं, हे बूट तिकडे कोणत्या वारी घेतले होते. मी म्हणालो, शनिवारी. "मग गेले ते बरं झालं," ती म्हणाली, पण तिच्या आवाजात दम नव्हता. नाना त्यांच्या चपला काढून माझ्यापुढे सरकवत म्हणाले, "आता ऱ्हा की इथंच. बूटबी नाय ऱ्हायले. शेवंती एकट्यानं नाय झेपत आता." ते हसत म्हणाले, पण हसण्यावारी म्हणाले नव्हते.

बघा, ज्याची वर्षभर वाट पाहिली तो निरोप मला मिळाला होता. घरी येताना गाडीत मी हेच घोळवत होतो. राहावं, अर्चनाला समजावता येईल. पण मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात मी तिकडच्या स्टेशनपासून घरापर्यंतचा बर्फातला रस्ता आठवत होतो आणि पायात काय घालणार याचा विचार करत होतो. दोन्हीकडून ओढ होती आणि मधे मी, नानांच्या चपलांत.

शनिवारी सकाळी आई लुगड्याचा पदर खोचून, हातात तेलाची वाटी घेऊन तयार. "चल." वाटेत मारुतीला तेल घातलं, रिक्षात बसलो. मला वाटलं कुठल्या तरी नातेवाइकाकडे निरोप घ्यायला. ती कॅम्पात उतरली आणि थेट त्याच दुकानात शिरली.

"आई, आज शनिवार आहे."

"म्हाईत हाय. नऊ नंबर काढा हो," ती दुकानदाराला म्हणाली. मग कनवटीतून माझ्या बॅगेतले जाड लोकरी मोजे काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवले. "आधी हे घाल. तूच म्हनला ना, मोजे घालून बघायचं."

मी म्हटलं, "नाना तर राहा म्हणतात."

"नानांचं खरं हाय. पन ऱ्हायचं तर मनानं ऱ्हा. बूट नाय म्हनून नको." ती खाली वाकली आणि फ्राऊ क्लाइनसारखाच बुटाच्या टोकावर अंगठा दाबला. "अर्चना तिकडं एकटी हाय."

आता बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं, शनी नाही, नाना नाही, थंडी नाही. मी नाड्या बांधत राहिलो. देश सोडून गेल्यावर घर म्हणजे काय उरतं, असं तुम्ही मला फोनवर विचारता आणि मी विषय बदलतो. माझ्यासाठी ते आता एवढंच आहे: ती कॅम्पातल्या दुकानाची फरशी, शनिवारची सकाळ, आणि जन्मभराचा धाक बाजूला ठेवून माझ्या पायाशी बसलेली आई.

"शनीचं मी बघते," ती म्हणाली. "तू बोटं हलव."