प्रयागबाईचं तांबडं दूध

आसेगावच्या प्रयागबाईचा हात गोड आणि जीभ जहाल. नवरा गेल्यावर दोन म्हशी आणि एक लेक, तिघींनाही तिनं एकाच पट्टीत शिव्या देत वाढवलं.

तिचं तांबडं दूध गावात नावाजलेलं. म्हशीच्या दुधात साखर न् चिमूटभर सोडा घालायचा, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या मंद जाळावर हलवत राहायचं, विटेसारखा रंग आला की उतरवायचं. गरम पोळीला हे फासून खाल्लं की माणूस भांडण विसरतो, असं ती सांगे. स्वतः मात्र एकही विसरली नव्हती.

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात तिच्या रुख्मिणीची सोयरिक धनजच्या इंद्रभानच्या पोराशी जुळली. सुपारी फोडायला इंद्रभान आला, तो अकोल्याहून आणलेली नवी कवळी मिरवत. ओसरीवर टेकतो न टेकतो तोच म्हणाला, "पोराले सायकल पाह्यजे."

आधी असं काही ठरलं नव्हतं. प्रयागबाईचा भाऊ जानराव खाली पाहू लागला. आत चुलीपाशी प्रयागबाई इंद्रभानच्या सात पिढ्यांचा उद्धार करत झारा फिरवत राहिली आणि त्या नादात दूध उतरवायचंच राहिलं.

"माय, हा तं डिंक झाला वो," रुख्मिणी कुजबुजली.

"होऊ दे. वाढ त्याले."

इंद्रभाननं पोळीचा मोठा घास तोंडात कोंबला. वरचे दात खालच्यांवर बसले ते बसलेच. डोळे वटारून तो दोन्ही हात हलवू लागला.

"इवाई काय म्हून राह्यले?" जानरावनं व्याह्याकडे पाहत विचारलं.

"सायकल नोको म्हून राह्यले!" प्रयागबाई दारात येऊन गरजली. "मन मोठं हाय त्याइचं. फोडा सुपारी!"

बसलेल्या मंडळींनी सुपारी फोडली. इंद्रभान तडक परसात गेला. तिथं त्यानं कवळी उपसून काढली, बोटानं खरवडली, मग बोट चाटलं. पुन्हा चाटलं.

तो परत आला तसा जानराव उठून उभाच राहिला, आता सोयरिक मोडते म्हणून.

"इहीणबाई," बोळक्या तोंडानं इंद्रभान म्हणाला, "आखीन हाय का?"

प्रयागबाईनं कढईच पुढ्यात ठेवली.

पाहुणे गेल्यावर रुख्मिणी चिडली. "माय, सासरा हाय तो माहा!"

"म्हून तं पारखून घेतला," प्रयागबाई म्हणाली. "वाईट नाई. खादाड हाय. बस इथं, ढवळाले शिक."