बाकांवर पसरलेला नकाशा

विनोदिनी राजवाडे उज्जैनच्या माधव नगरातल्या मुलींच्या शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. नकाशाच्या प्रश्नात त्यांच्या मुली पैकीच्या पैकी गुण आणत, आणि बाईंना त्याचा थोडा अभिमानही होता.

आठवीचा वर्ग वेधशाळा पाहायला गेला, त्या दिवशी या अभिमानाला धक्का बसला. बाईंनी सहज विचारलं, उत्तर दिशा कुठे? वर्गात पहिली येणाऱ्या अश्विनीनं क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि बोट थेट आभाळाकडे केलं. कुणी हसलं नाही, कारण बाकीच्यांनाही तेच बरोबर वाटत होतं. वर्गात नकाशा भिंतीवर टांगलेला, उत्तर वर, दक्षिण खाली. मग उत्तर वरच असणार.

घरी बाईंनी स्वतःलाच तपासलं. माहेर जळगावचं, उज्जैनच्या दक्षिणेला. डोळे मिटून जळगावकडे हात करायचा म्हटलं, तर हात जमिनीकडे चालला. त्यांनी हे नवऱ्याला सांगितलं. अरविंदराव बँकेतून निवृत्त झालेले, पेपर खाली न ठेवता म्हणाले, "तुझ्या मुलींचं काय चुकलं मग?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी भारताचा नकाशा भिंतीवरून उतरवला, होकायंत्र धरून शाळेच्या अंगणात उत्तरेकडे तोंड करून पसरला आणि मुलींना भोवती उभं केलं. एकेकीनं उज्जैनवर उभं राहून दिल्लीकडे चालत जायचं. मुली खूश झाल्या.

तिसऱ्या दिवशी अश्विनीचे वडील दिलीप शाळेत आले. देवास गेटच्या बसस्टँडवरून उत्तरेला आगर गावी जाणारी बस ते चालवत. आवाज चढवला नाही, पण चेहरा उतरलेला होता. "मॅडम, देश के नक्शे पर बच्चियाँ पाँव रखेंगी?" ही तक्रार ऐकून शाळेच्या प्राचार्यबाईंनी बाईंकडून लेखी खुलासा मागायचं ठरवलं.

बाईंना वाद घालता आला असता. पण माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर खरंच पाय आले होते. बाईंनी चूक कबूल केली, हे आपल्या लक्षातच आलं नाही असं सांगितलं आणि दिलीपना वर्गात यायची विनंती केली. मुलींकडून आठ बाक जोडून घेतले, त्यावर मध्य प्रदेशाचा नकाशा पसरला आणि नकाशाची उत्तर खऱ्या उत्तरेला लावून घेतली. मग विचारलं, "तुमची बस कुठून कुठे जाते, मुलींना दाखवाल का?"

दिलीपनी बोट उज्जैनवर ठेवून आगरपर्यंत नेलं, आणि तोच हात खिडकीबाहेर, आगरच्या खऱ्या रस्त्याकडे उचलला. दोन्ही दिशा एकच निघाल्या. त्यांनाही नवल वाटलं. मग ते आपल्या ओघात बोलू लागले. सकाळच्या फेरीला ऊन उजव्या हाताला येतं, म्हणून त्या बाजूच्या सवाऱ्या पडदे ओढतात. संध्याकाळी परतताना तेच ऊन पुन्हा उजव्या हाताला. असं का, ते त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं. अश्विनीनं वहीत रेघ ओढली, सूर्य काढला, आणि वडिलांना समजावून सांगितलं: जाताना उजवा हात पूर्वेला, येताना पश्चिमेला. तास संपेपर्यंत ते थांबले.

पुढच्या आठवड्यात बाकांवर जगाचा नकाशा आला. आफ्रिका फळ्याच्या बाजूला, जपान दाराकडे. मुलींनी उज्जैनहून दोन्हीकडे दोरे ताणून पाहिले. खुलासा लिहावा लागला नाही. मात्र नकाशा जमिनीवर पसरायचा नाही, एवढी प्राचार्यबाईंची अट राहिली.

वार्षिक परीक्षेत नकाशाचे गुण वाढायला जागाच नव्हती. उलट दोघींचा एकेक गुण गेला, कारण पाठ केलेली खूण करायच्या ऐवजी त्या विचार करत बसल्या आणि वेळ अपुरा पडला. प्राचार्यबाईंनी तो आकडा पुढे ठेवला. विनोदिनीबाईंनी तो शांतपणे पाहिला आणि निवृत्तीपर्यंतची उरलेली चार वर्षं दर बुधवारी बाक जोडून घेतले.