दर तिसऱ्या आठवड्याची सुई

मी चौथीत होते त्या हिवाळ्यात माझा उजवा गुडघा सुजला. आईला वाटलं, शाळेत कुठे पडले असेन. तिने तेलात हळद गरम करून लावली. गुडघा बरा झाला आणि घोटा सुजला. घोटा सुटला तर मनगट धरलं. अंगात बारीक ताप होता. त्याआधी काही आठवडे घसा दुखला होता, पण थंडीत घसा कोणाचा दुखत नाही? शेजारच्या काकू म्हणाल्या, "बढ़ने की उमर है, हड्डी तो दुखेगी ही."

बाबा स्टील प्लांटमध्ये वाफेच्या पाइपलाइनवर कामाला होते. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. आजोबा कारखान्यात लागले म्हणून घर भिलाईला आलं, आणि माझा जन्म कारखान्याच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्येच झाला. एके दिवशी बाबा पहिली पाळी करून घरी आले तेव्हा मी भिंत धरून मोरीकडे चालले होते. त्यांनी ते पाहिलं. जेवण नाही, कपडे बदलणं नाही, मला स्कूटरवर बसवलं, मागे आईला बसवलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझे सांधे पटकन बघून घेतले आणि मग छातीला स्टेथोस्कोप लावला. मला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं. दारात कोणी बोलत होतं, त्यांना हाताने गप्प केलं आणि पुन्हा ऐकत राहिल्या. इतका वेळ कोणी माझ्या छातीला कान लावून ऐकलं नव्हतं. मला त्याची गंमतच वाटत होती. आई मात्र डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून बघून रडवेली झाली होती.

रक्त तपासलं, ईसीजी काढला, मग छातीवर गार जेल लावून इको केला. सगळं झाल्यावर डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे चार खोल्यांचं एक घर काढलं. वर दोन खोल्या, खाली दोन. डावीकडच्या वरच्या खोलीतून खालच्या खोलीत रक्त उतरतं, तिथे त्यांनी दोन पातळ पडद्यांचं एक दार काढलं.

"गले में इन्फेक्शन हुआ था," त्या म्हणाल्या. "शरीर उससे लड़ा, पर लड़ते-लड़ते अपने ही जोड़ों को और दिल के इस वॉल्व को भी दुश्मन समझ बैठा. जोड़ तो ठीक हो जाएँगे. वॉल्व पर निशान रह जाएगा."

बाबांना वॉल्व्ह म्हटल्यावर लगेच समजलं. "लीक है?"

"अभी थोड़ा लीक है. बार-बार ऐसा बुखार आया तो सिकुड़ता जाएगा, दरवाज़ा पूरा खुलेगा नहीं."

मग त्यांनी इलाज सांगितला. पुन्हा तसा ताप येऊ नये म्हणून दर तिसऱ्या आठवड्याला पेनिसिलीनची एक सुई. बाबांनी विचारलं, किती महिने? डॉक्टर म्हणाल्या, महिने नव्हे, वर्षं. बहुतेक चाळिशीपर्यंत.

घरी आल्यावर आई भिंतीला टेकून बसली. बाबा तिला म्हणाले, "रडून कावून राहिली? इलाज आहे नं? ज्याले इलाज नाही त्याच्यासाठी रडाव."

त्या सुईबद्दल काय सांगू? दुधासारखं पांढरं, घट्ट औषध. सुईत अडकायचं, हळू जायचं आणि गेल्यावर कंबरेखाली कोणी दगड ठेवल्यासारखं दुखायचं. ती देणारी सिस्टर केरळची होती. भिलाईत आमच्या लहानपणी अशा कितीतरी सिस्टर होत्या, चपळ, आणि बोलण्यात हिंदीचे लिंग-वचन पार उलटेपालटे. ती औषध तयार करून बाटली दोन्ही तळव्यांत धरून बसायची. गार औषध जास्त दुखतं, म्हणून. बाहेर रांग असायची, कोणी दार ठोठावायचं, तरी ती हलायची नाही. मग मला पालथं झोपवून म्हणायची, "पैर का अंगूठा हिलाओ. हिलाते रहो. तुम अंगूठा देखो, मैं अपना काम देखेगा." मी अंगठा हलवायचे. तेवढ्यात तिचं काम झालेलं असायचं.

बाहेर बाबा उभे असत. मी लंगडत आले की ते काही विचारत नसत, गरम मूग भजी घेऊन देत. शाळेची वर्षं अशीच गेली. पाळी बदलून घेणं, गावच्या लग्नाला जाणं सुईची तारीख बघून ठरवणं, परीक्षेच्या आदल्या दिवशी सुई येऊ नये म्हणून डॉक्टरांना विचारून ठेवणं, हे सगळं बाबा करत. मला पीटीला धावू देत नव्हते एवढं सोडलं तर मी इतर मुलींसारखीच मोठी झाले. बीएड केलं. सांधे पुन्हा कधी सुजले नाहीत.

मग आईबाबा माझ्यासाठी स्थळं बघायला लागले आणि घरात पहिल्यांदा त्या सुईवरून भांडण झालं.

आई म्हणाली, "तुमी आधीच सांगसान तं कोण करन पोरीले? दिसाले तं काहीच दिसत नाही. लग्न होऊ द्या, मंग हळूच सांगता येते."

"अन् सुई?" बाबा म्हणाले. "थे कोठी लपवन? चोरून घ्यायले जाईन का दर तीन हप्त्याले? नाही. पाहुणे आले का आधी मी सांगन, मंग चहा."

आणि ते खरोखर तसंच करायचे. पाहुणे टेकले की पाण्याचा ग्लास द्यायचा आणि लगेच सांगायचं, पोरीच्या हृदयाची एक झडप खराब आहे, औषध चालू आहे, अमुक अमुक. काही जण चहा घेऊन उठले, नंतर त्यांचा निरोप आला नाही. एक जण तर चहाला थांबलेच नाहीत. मी आतल्या खोलीत ट्रे घेऊन उभी असायचे. लाज वाटायची, रागही यायचा. पण बाबांच्या आवाजात लाज नसायची, हे मला तेव्हाही ऐकू यायचं.

एका रविवारी दुर्गच्या मोहन नगरातून पाहुणे आले. मुलगा रेल्वेत, वडील गेलेले. सोबत त्याची आई. ठेंगणी, पांढरी साडी, हातात पिशवी. बाबांनी नेहमीप्रमाणे सांगितलं. मला वाटलं, आता उठतील.

त्या बाई म्हणाल्या, "मंग थे सुई आमच्या दुर्गले भेटते का?"

बाबांना हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. ते म्हणाले, "पाहा लागन."

"पाहा नाही, मी पाहून येतो," त्या म्हणाल्या. आमच्याकडच्या जुन्या बायकांची बोलण्याची ती पद्धत. "भिलाईले दरवेळी यायचं म्हणजे पोरीची शाळेतली नौकरी असन तं सुट्टी काढा लागन. घराजवळ भेटली तं बरी."

मुलाने पहिल्यांदा वर पाहिलं आणि म्हणाला, "आई, आधी तिला विचारू तर दे." आतल्या खोलीत मी ट्रे खाली ठेवला, बाहेर आले आणि त्याने विचारल्यावर हो म्हटलं.

त्या खरंच दुर्गमधले दवाखाने फिरल्या. पेनिसिलीन म्हटलं की रिअ‍ॅक्शनची भीती, म्हणून काहींनी सरळ नाही म्हटलं. शेवटी स्टेशनकडच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी होकार दिला. आधीचे कागद आणा, मी माझ्यासमोर द्यायला लावतो, म्हणाले. तेव्हा कुठे बाईंनी बाबांना फोन केला. "भाऊ, सुई भेटली. आता तारीख काढा." विहारात साधंसं लग्न झालं. लग्नानंतर पहिल्या सुईला सासूबाई स्वतः सोबत आल्या आणि बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.

दोन वर्षांनी मला दिवस गेले. त्याआधी आम्ही भिलाईच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ताप पुन्हा आला नसला तरी जुन्या व्रणामुळे झडप थोडी आखडली आहे, पण लक्ष ठेवून चालेल, असं ते म्हणाले होते. पाचव्या महिन्यात मला दम लागायला लागला. पोळ्या करताना मध्येच थांबावं लागे. येणारी-जाणारी प्रत्येक बाई सांगायची, पोटुशीला दम लागतोच. मीही तेच मानून चालले होते. त्यातच झोपले की खोकला यायचा, म्हणून मी उशा एकावर एक रचायचे. पुढे तर भिंतीला टेकून बसूनच डोळा लागायचा.

एका सकाळी सासूबाईंनी त्या उशा पाहिल्या. "कामानं दम लागते, थे समजलं," त्या म्हणाल्या. "झोपल्यावर कावून लागते? झोपणं का काम आहे?" आणि मुलाला म्हणाल्या, "ड्युटीवर जाऊ नको. हिले डॉक्टरकडे ने. मी बी येतो."

इकोमध्ये दिसलं की दार आधी वाटलं होतं त्यापेक्षा बरंच अरुंद आहे. गरोदरपणात अंगातलं रक्त वाढतं. ते सगळं त्या अरुंद दारातून जाईना, मागे फुप्फुसात तुंबायला लागलं होतं, म्हणून आडवं झालं की जीव गुदमरायचा. आम्हाला रायपूरला पाठवलं. तिथे नाडी हळू करणारं आणि अंगातलं पाणी कमी करणारं औषध दिलं. थोडं बरं वाटलं, पण पुरेसं नाही. तिथले डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलायचे. म्हणाले, "बलून से खोलेंगे. छाती नहीं काटनी है. जाँघ की नस से तार जाएगा, दिल के दाहिने हिस्से से बाएँ में, और वॉल्व के बीच पहुँचकर बलून फुलाएँगे. जुड़ी हुई पट्टियाँ खुल जाएँगी."

"और बच्चा?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"माँ की साँस ठीक होगी तो बच्चा भी ठीक रहेगा. खतरा बिल्कुल नहीं है, ऐसा नहीं कहूँगा. पर रुकने में खतरा ज़्यादा है."

हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, म्हणून मला धीर आला. खोटं गोड बोलले असते तर मी घाबरले असते.

आधी घशातून नळी घालून हृदयात रक्ताची गाठ नाही ना ते पाहिलं. मग मला त्या गार खोलीत नेलं. किरणांपासून बाळ झाकायला पोटाला शिशाचं जड एप्रन गुंडाळलं. मी जागी होते. जांघेत बधिर करायची सुई टोचली, पुढे काही दुखलं नाही, फक्त मधूनच छातीत फडफड व्हायची. वर पडद्यावर एक तार हलत होती. डॉक्टर म्हणाले, "अब बलून फुला रहे हैं, घबराना मत." पडद्यावर डमरूसारखं काहीतरी फुगलं आणि लगेच बसलं. छातीत क्षणभर सगळं थांबल्यासारखं झालं. मग डॉक्टरांचा आवाज आला, "खुल गया. बहुत अच्छा खुला है."

मला वॉर्डात आणून सरळ झोपवून ठेवलं. पाय हलवायचा नाही, अशी ताकीद होती. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की मी सपाट झोपले आहे, डोक्याखाली एकच पातळ उशी आहे, आणि मला खोकला येत नाही. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, मी झोपून राहिली."

त्यांना वाटलं मी गुंगीत बोलते आहे. मग कळलं. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "झोप माय. आता झोप."

मुलगी झाली ती भिलाईतच, माहेरच्या जवळ, हृदयाचे डॉक्टर हाताशी असलेल्या हॉस्पिटलात. बाबांनी तिला घेतलं. त्यांचे हात आयुष्यभर पान्हे धरून राठ झालेले, दुपट्यात अडकत होते. ते सासूबाईंना म्हणाले, "बाई, तुमचे उपकार मी..."

सासूबाई तडक म्हणाल्या, "उपकार कायचे भाऊ? सून माही, नात माही. तुमाले फकत पाहाले देलं आहे."

मुलगी आता शाळेत जाते, माझ्याशी मराठीत सुरू करते आणि हिंदीत संपवते. माझी सुई चालूच आहे. मागच्या तपासणीला मी रायपूरच्या डॉक्टरांना विचारलं, किती वर्षं चालेल हे? ते म्हणाले, कदाचित पुन्हा बलून लागेल, कदाचित कधीतरी झडप बदलावी लागेल, अजून तरी छान उघडते आहे. मी बरं म्हटलं. पूर्वी असं उत्तर ऐकून मी आठवडाभर गप्प राहिले असते. त्या दिवशी आम्ही स्टेशनवर समोसे खाल्ले आणि लोकलने घरी आलो.

या हिवाळ्यात आम्ही सगळे डोंगरगडला गेलो, टेकडीवरच्या बुद्धाच्या दर्शनाला. पायऱ्या चढाव्या लागतात. बाबा, नवरा आणि मुलगी पुढे गेले. अर्ध्या वाटेवर सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले आणि त्या कठड्याजवळ बसल्या. "तू जाय," त्या मला म्हणाल्या. "तुले तं आता दम लागत नाही."

"नाही लागत," मी म्हटलं आणि त्यांच्या शेजारी बसले. खाली तलाव चमकत होता. त्यांनी पिशवीतून शेंगा काढल्या आणि माझ्या ओंजळीत ओतल्या. आम्ही शेंगा फोडत बसलो. वरून मुलगी आम्हाला हाका मारत होती.